खाडीच्या तोंडावरचा दांडा

किनाऱ्यावर माणसांची वस्ती नव्हती तेव्हाची ही गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी तिवराचं एकच झाड उभं होतं. दरवर्षी त्याची रोपं चिखलात रुजत आणि पावसाळ्यातल्या लाटा ती उपटून नेत.

एकदा झाडानं तिरक्या येणाऱ्या लाटेला विचारलं, "बाई, जरा सबुरीनं येता नाही का येणार?"

"वारा ढकलतो तशी मी येते," लाट म्हणाली. "येताना किनाऱ्यावरची वाळू आणते. इथे किनारा आत वळतो, माझा जोर कमी होतो आणि वाळू खाली पडते. परतताना ती पुन्हा उचलून नेते."

"मग ती इथेच राहू दे."

लाटेनं ऐकलं. तिच्यामागून येणाऱ्या लाटाही वाळू ठेवून जाऊ लागल्या. वर्षं गेली, आणि किनाऱ्यापासून पाण्यात वाळूचा लांब दांडा वाढत गेला.

आता खाडी घाबरली. "माझं तोंड बंद झालं तर मी समुद्राला भेटायचं कसं?"

रोपं वाचावीत म्हणून खाडीला कोंडणं झाडाला पटेना. ते म्हणालं, "ओहोटीला तू जोरानं बाहेर पड. तुझ्या वाटेतली वाळू खुशाल वाहून ने."

खाडी रोज आपली वाट मोकळी करत राहिली. दांडा टोकाशी आत वळला आणि तिथेच थांबला. त्याच्या आडोशाला पाणी संथ झालं.

पुढच्या पावसाळ्यानंतर चिखलात एकवीस रोपं उभी होती. भरतीचं पाणी घेऊन खाडी त्यांच्यामधून हळूच आत गेली, एकही रोप न वाकवता.