शंभरावं फूल ओलं

धुक्याला दार वाजवायची सवय नसते. डोंगराच्या खांद्यावर वसलेल्या धुकेवाडीत ते खुशाल घरात शिरायचं, मिठाच्या बरणीत बसायचं, पापड मऊ करून ठेवायचं. गावाला त्याची सवय झाली होती. फक्त टोकाच्या घरातली, नऊ वर्षांची बकुळा त्याच्यावर रोज चिडायची. कारण तिच्या घरात साखरेची फुलं वाळत असायची.

ही फुलं बकुळाची आई करायची, दामूशेठच्या बेकरीतल्या केकसाठी. पिठीसाखरेत डिंकाचं पाणी घालून, वर लिंबू पिळून ती शुभ्र कणीक मळायची. कागदाहून पातळ लाटायची. मग एकेक इवलीशी पाकळी चमच्याच्या पोटात वाळत ठेवायची. बिटाच्या रसाची गुलाबी पाकळी, हळदीची पिवळी, पालकाची पोपटी. आतली पाकळी खडखडीत वाळल्याशिवाय बाहेरची चिकटवायची नाही, नाहीतर अख्खं फूल मान टाकतं. म्हणून केक आज हवा असेल तर फुलं कितीतरी दिवस आधी सुरू करावी लागायची.

पण त्या थंडीत आईचे हात सुजले. बोटं अशी आखडली की पाण्याचा तांब्या उचलेना. वैद्यांनी लेप लावून दोन्ही हातांना जाड पट्ट्या बांधल्या. आणि नेमके तेव्हाच दामूशेठ दारात आले.

"सरूबाई शंभर वर्षांच्या होतायत," ते म्हणाले. सरूबाई म्हणजे गावच्या शाळेच्या जुन्या बाई. सगळ्या गावाला अक्षरं त्यांनीच शिकवली होती. "केकवर शंभर गुलाब पाहिजेत. पुढच्या शनिवारी. जमत नसेल तर आत्ताच सांग, वत्सला. शहरात प्लास्टिकची फुलं मिळतात. धुतली की पुन्हा तीच. मग तुझ्या फुलांची गरजच नाही, कायमची."

आईचा चेहरा उतरला. फुलांवरच तिचं घर चालायचं, आणि फुलं हाच तिचा आनंद होता.

"जमेल," बकुळा म्हणाली. "मी करते."

आणि ती करत राहिली. शाळेआधी पाकळ्या, शाळेनंतर पाकळ्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. पाठ दुखायची. वर्गात बाईंनी फळ्यावर गोल काढला तरी तिला त्यात पाकळी दिसायची. मंगळवारपर्यंत एकाहत्तर गुलाब झाले. सुपात पसरलेल्या रव्यावर ते गुलाबी गुलाबी बसले होते, आणि बकुळा त्यांच्याकडे बघून थकलेलं का होईना, पण हसली.

घरात आणखी एकजण होती. गोजरआत्या. बाबा गेल्यापासून ती यांच्याजवळच राहायची. चाळीस वर्षं तिने देवळापाशी हार गुंफले होते, त्यामुळे फुलांतलं आपल्याला सगळं कळतं अशी तिची खात्री होती. मोठ्या माणसांची एकदा अशी खात्री झाली की ती विचारायचं विसरतात.

"कोरडी ठाक पडलीत गं फुलं," ती सारखी म्हणायची. "तुम्हा पोरींना एवढंही कळू नये?"

बुधवारी सकाळी बकुळा उठली तर सुपावर ओलं फडकं होतं. चांगलं निथळतं, चार पदरी, मायेनं चारी बाजूंनी खोचलेलं.

तिने ते उचललं. खाली एकही गुलाब नव्हता. गुलाबी चिखल होता.

"पहाटेच घातलं," आत्या कौतुकानं म्हणाली. "आता बघ कशी टवटवीत..." आणि ती सुपात डोकावली.

"ती साखर आहे, आत्या!" बकुळा ओरडली. "विचारायचं होतं मला! एकदा विचारायचं होतं!"

आई काहीतरी बोलायला गेली, पण बकुळाला ऐकायचंच नव्हतं. तिने तो चिखल एका घमेल्यात खरवडला आणि ती घरामागच्या जुन्या बागेत निघून गेली.

बाग कुणाचीच नव्हती. कारंजं कोरडं होतं, बाकावर शेवाळ होतं, आणि दवाचे चिमुकले मणी कोळ्यांच्या जाळ्यांवर लखलखत होते. मुंग्यांना तरी खाऊ दे, म्हणून बकुळाने घमेलं गवतात ठेवलं आणि गुडघ्यांत डोकं घालून ती रडू लागली.

"जरा हळू रडशील का?" एक बारीक, दमलेला आवाज आला. "तू हुंदका दिलास की घमेलं हलतं, आणि मी आणखी रुतते."

बकुळाने डोळे पुसून पाहिलं. गुलाबी चिखलात बोटभर उंचीची एक परी बसली होती. सात वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीसारखी निळीजांभळी. तिचे चारही पंख साखरेत घट्ट चिकटले होते.

"एक थेंब चाखायला उतरले," परी म्हणाली. "आणि बसले अशी. हसू नकोस."

"नाही हसत," बकुळा म्हणाली. तिला हसायचं त्राणही नव्हतं. घरात जाऊन तिने वाटीभर कोमट पाणी आणलं आणि फुलं रंगवायचा आपला सगळ्यात मऊ कुंचला आणला. एकेक पंख ती उलगडत गेली, हलक्या हाताने धूत गेली. पंख कांद्याच्या सालीहून पातळ होते. ऊन पाठीवरून डोक्यावर आलं. या वेळात किती पाकळ्या झाल्या असत्या, हे तिला नको असताना कळत होतं.

"झाले," परी म्हणाली. "उडू?"

"थांब! अजून ओले आहेत. फाटतील."

"पण तुला घाई आहे ना?"

"खूप आहे. तरी थांब. पातळ वस्तूंचं असंच असतं, त्यांना वाळू द्यावं लागतं." आणि बकुळा तळहात आडवे धरून, धुकं अडवून, पंखांवर अलगद फुंकर घालत बसली.

परी तिच्याकडे बघतच राहिली.

"कितीतरी वर्षं मी इच्छा पुरवतेय," ती म्हणाली. "दमलेय गं. लोक मागतात आणि लगेच दारात येऊन उभे राहतात. झालं का, झालं का! माझ्यासाठी थांबलेली तू पहिलीच. माग काहीतरी. पण नियम आहेत."

"सांग."

"एकच इच्छा. झालेलं परत फिरत नाही, पुढचं काय ते माग. आणि इच्छाही ओलीच जन्मते. तिला तीन दिवस वाळू द्यायचं. बोट लावायचं नाही, उघडून बघायचं नाही, झालं का म्हणून विचारायचं नाही. तू नाही आणि दुसऱ्या कुणीही नाही. हात लागला की मोडली."

शंभर गुलाब! बकुळाच्या जिभेवर आलंच होतं. शनिवारी दुपारी शंभर गुलाब समोर, आणि तोवर नुसती झोप. मऊ, उबदार, लांबच लांब झोप. तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे आईचे हात आले, पांढऱ्या पट्ट्यांतले, मांडीवर गप्प पडलेले.

"आईचे हात बरे होऊ देत," ती म्हणाली.

"आणि फुलं?"

"फुलं मला करता येतात. हात नाही करता येत."

परीने तिच्या नाकाच्या शेंड्यावर चांदीचा एक कण टेकवला आणि ती धुक्यात उडून गेली.

बकुळा घरी आली. गोजरआत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. सकाळपासून तिने घासही घेतला नव्हता. बकुळाचा राग अजून गेला नव्हता, खोटं कशाला सांगा. पण आत्याची बोटं तिला दिसली. ती मांडीवर आपोआप हलत होती, नसलेला हार गुंफत होती. भराभरा, न चुकता.

"आत्या, हजार फुलांचा हार करायला तुला किती वेळ लागायचा?"

"सकाळी बसले की दुपारपर्यंत व्हायचा," आत्या भिंतीलाच म्हणाली.

"मग इकडे बस. मी सांगेन तसंच करायचं. सल्ला द्यायचा नाही."

"बरं."

"पाणी मारायचं नाही."

"नाही गं बाई!"

आत्या शिकली. पहिल्या दहा पाकळ्या तिने फाडल्या, मग एकही नाही. थोड्या वेळाने तिने घसा खाकरला. "बकुळे, एक विचारू का?"

विचारू का! बकुळाने मान वर केली. "विचार."

"गुलाबाला दिवस लागतात. जाई केली तर? पाच पाकळ्या, एकच थर. चुलीशेजारी एका दिवसात वाळेल, नाही का?"

बकुळाने आत्याच्या गळ्यात हात टाकला, कणकेने माखलेलाच.

पेनच्या टोपणाने पाकळ्या पाडायच्या, आत्याने चिमटीत धरून जुळवायच्या, सूप चुलीजवळ ठेवायचं. गुरुवार असाच गेला. शुक्रवार असाच गेला. आई पट्टीतल्या हातांनी धुक्याला दारातून हाकलायचं काम करायची, म्हणजे पदराने नुसता वारा घालायची, आणि तिघी थकून हसायच्या. चांदण्यांसारख्या इवल्या इवल्या जाया सुपात जमत गेल्या.

शनिवारी सकाळी नव्व्याण्णव होत्या. शंभरावी करताना बकुळाची बोटं थरथरली आणि पाकळी फाटली. पुन्हा केली, पुन्हा फाटली. थकलेल्या आत्याला तर डोळ्यांपुढची पाकळीही दिसत नव्हती. कणकेचा एकच गोळा उरला होता.

तेवढ्यात दामूशेठ आले.

"जाई? मी गुलाब सांगितले होते! आणि या नव्व्याण्णवच. बाई मोजतील, त्यांनीच मला मोजायला शिकवलंय." मग ते आईकडे वळले. "एका फुलासाठी अडून बसलात होय? दहा दिवस झाले लेपाला. सोड ती पट्टी, बघू हात."

त्यांनी हात पुढे केला. तीन दिवस दुपारी पुरे होणार होते, आणि अजून दुपार व्हायची होती. बकुळा मध्ये उभी राहिली.

"हात लावू नका!"

"अगं, नुसतं बघतो."

"बघायचंही नाही. शेठ, तुम्ही मोठे आहात. मग जरा थांबता येत नाही का तुम्हाला?"

दामूशेठ लालबुंद झाले. "थांबतो. शाळेच्या अंगणात थांबतो. शंभर झाली नाहीत तर सोमवारी प्लास्टिक!" फुलांचा डबा उचलून ते तरातरा निघून गेले.

ऊन हळूहळू उंबऱ्यावर आलं. "हात हलके वाटतायत गं," आई म्हणाली. झालं का, असं बकुळाच्या ओठांपर्यंत आलं. तिने ओठ घट्ट दाबून धरले आणि ती धुक्याकडे बघत बसली.

मग धुकं विरलं. दुपार झाली. आईने आपणहून दातांनी गाठ सोडली. बोटं सरळ होती, लांबसडक होती, पूर्वीसारखीच. आईने उरलेल्या गोळ्यात बिटाचा रस मळला आणि बकुळाच्या डोळ्यांसमोर एक गुलाब उमलत गेला, टपोरा आणि गुलाबी.

वाळायला मात्र वेळ नव्हता. आईने तो तळहातावर घेतला आणि तिघी शाळेकडे धावल्या.

"ओलं फूल?" दामूशेठ डोक्याला हात लावून म्हणाले. "हे तर केकवर झोपेल!"

"झोपू दे," आई म्हणाली आणि तिने गुलाब नव्व्याण्णव जायांच्या मधोमध अलगद निजवला.

सरूबाई पुढे झाल्या. पांढऱ्या केसांच्या, काठीएवढ्या बारीक. बोटाने त्यांनी सगळी फुलं मोजली. एक जाई तोंडात घालून बघितली आणि काढून ठेवली. "सुंदर आहे. दात असते तर खाल्लीही असती." मग त्यांनी तो ओला गुलाब उचलला. तो जिभेवर ठेवताच विरघळला. शंभर वर्षांच्या बाई डोळे मिटून लहान मुलीसारख्या हसल्या.

"कुणी केली ही फुलं?"

"या तिघींनी," दामूशेठ पुटपुटले. "पण पुढच्या वर्षी शहरातून प्लास्टिकची आणू म्हणत होतो..."

"प्लास्टिकचं तू खाऊन दाखवतोस का, दामू?"

अख्खं अंगण हसलं. दामूशेठही कान खाजवत हसले.

"पुढच्या वर्षी एकशे एक," बाई म्हणाल्या. "यांनीच करायची. आणि माझं एक ओलं."

गुलाब जिथे होता तिथे आता एक निळाजांभळा ठिपका बसला होता. तो फक्त बकुळाला दिसला. "मी निघाले गं झोपायला," परी जांभई देत म्हणाली. "कारवी फुलेल तेव्हा उठेन. तूही नीज." तिने पंख पसरले, कोरडे, अख्खे, चकाकणारे. मोतिया उजेडाची एक लाट जायांवरून सरकली, प्रत्येक पाकळी क्षणभर चमकली, आणि परी उजेडात मिसळून गेली.

बकुळाने अंगणातच आत्याच्या मांडीवर डोकं टेकलं. पापण्या मिटल्याच होत्या. धुकं पुन्हा डोंगरावरून उतरत होतं. गोजरआत्याने आपली शाल सोडली, पांघरायला उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"बकुळे," ती कानाशी वाकून म्हणाली, "घालू का गं?"

"घाल," बकुळा झोपेतच म्हणाली.