नदीपलीकडची साक्ष

फार जुन्या काळी दर गावाचा देव वेगळा असे. गावाची शीव संपली, की देवाचं राज्यही संपलं! अशाच एका नदीकाठच्या गावात इद्दीन नावाचा मिठाचा व्यापारी राहत होता. गावात त्याच्याइतका सरळ माणूस शोधून सापडला नसता. तो चिमूटभर मीठही कधी कमी तोलत नसे, कारण गावदेव बघतो ना!

पण नदी ओलांडायची वेळ आली, की तो शिवेच्या दगडावर तेल ओतायचा आणि हात जोडून म्हणायचा, "देवा, तुझी हद्द इथवर. मी परत येईपर्यंत निवांत झोप." मग पलीकडच्या काठावर तो मिठात खुशाल वाळू मिसळायचा. गावातले सगळेच व्यापारी असं करत. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे.

एकदा भल्या पहाटे तो गाढवं हाकत पलीकडच्या गावात शिरला. तेव्हा त्याला दिसलं, की तिथल्या बेलशुनू नावाच्या जमीनदाराचा गडी एक मेंढा ओढत आणतो आहे आणि तबनी नावाच्या विधवेच्या अंगणात गुपचूप बांधतो आहे. दुपारी बोंब उठली, "तबनीनं बेलशुनूचा मेंढा चोरला!" त्या गावात चोराची जमीन चोरलेल्या वस्तूच्या धन्याला मिळे आणि चोर पोराबाळांसकट जन्मभर त्याचा गुलाम होई. बेलशुनूचा डोळा तबनीच्या पाटाकाठच्या शेतावर आहे, हे न कळायला इद्दीन काही दूधखुळा नव्हता.

बेलशुनूनं त्याला बाजूला घेतलं. "शेठ, पहाटे तुम्ही त्याच वाटेनं आलात म्हणे. तबनीला मेंढा नेताना पाहिलं, एवढंच सांगा. बाजारातली वेशीजवळची जागा कायमची तुमची."

इद्दीन मनातल्या मनात खूश झाला. आपला देव नदीपलीकडे राहिला. इथला देव परका, त्याची शपथ मोडली तर तो आपलं काय वाकडं करणार?

देवळापुढे सारा गाव जमला. इद्दीननं तिथल्या देवाच्या पायावर हात ठेवला. समोर तबनी दोन लेकरांना पोटाशी धरून उभी होती. ती रडली नाही, गयावया केली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, जे पाहिलंत तेच सांगा."

इद्दीननं तोंड उघडलं, मग वर आभाळाकडे पाहिलं.

"बोला की!" बेलशुनू खेकसला.

"मेंढा तिनं नेला नाही," इद्दीन म्हणाला. "तुझ्या गड्यानं तिच्या अंगणात आणून बांधला. मी या डोळ्यांनी पाहिलं."

एकच गलका झाला. बेलशुनू ओरडला, "हा परमुलखातला! आपला देव मानत नाही. त्याची साक्ष कसली धरता?"

न्याय करायला बसलेल्या म्हाताऱ्या पाटलानं विचारलं, "बाबा, मग तू खरं बोललास ते कोणत्या देवाला भिऊन?"

"आजोबा, माझा देव इथवर पोचत नाही आणि तुमचा देव मला ओळखत नाही. खोटं बोलायला याहून बरी जागा कुठली? तरी कोणीतरी बघतंय, असं वाटलं. त्याचं नाव मला ठाऊक नाही. पण जो या काठाला आहे, तोच त्या काठालाही आहे. दोन नाहीत, एकच आहे."

हे ऐकून बेलशुनूचा गडी पुढे आला आणि त्यानं सगळं कबूल केलं. बेलशुनूला तोंड दाखवायला जागा उरली नाही. तबनी सुटली! लोकांनी तिच्या लेकरांना खांद्यावर घेऊन गावभर नाचवलं. इद्दीननं तर वाळू मिसळलेलं सगळं मीठ सर्वांदेखत उकिरड्यावर ओतलं आणि तो रिकामी गाढवं घेऊन आनंदानं घरी गेला.

तेव्हापासून त्या गावात लोक उघड्या आभाळाखाली, दोन्ही हात वर करून, त्या एकाचीच शपथ घेऊ लागले. हळूहळू ही रीत नदी ओलांडून गेली आणि दोन्ही काठांची माणसं पहिल्यांदाच एकमेकांच्या शब्दावर विसंबू लागली.

तात्पर्य: ज्याच्या देवाला हद्द, त्याच्या सचोटीलाही हद्द; देव सगळ्यांचा एकच मानला, की फसवायला परका कोणी उरत नाही.