परत येण्याचा अभ्यास

एकदा एक अत्तरांचा व्यापारी आपल्या वृद्ध गुरूंना मोठ्या आदरानं घरी घेऊन आला. तरुणपणी तो त्यांच्यापाशी व्याकरण शिकला होता. पुढे वडिलांची पेढी गळ्यात पडली, पोथ्या मागे राहिल्या. विद्येची ओढ मात्र गेली नाही. म्हणूनच आपली चार वर्षांची लेक सगुणा येत्या पाडव्याला गावच्या बालवर्गात बसणार, या कल्पनेनं तो हरखून गेला होता. संक्रांतीपासून त्यानं घरीच तिची तयारी चालवली होती. धूळपाटीवर मुळाक्षरं गिरवून झाली होती, आकडे पाठ झाले होते, आणि एक लांबलचक स्तोत्र ती न अडखळता म्हणत असे.

"गुरुजी, आपण एकदा तिची परीक्षा घ्यावी," तो हात जोडून म्हणाला. "कुठे उणं राहिलं असेल, तर पाडव्याच्या आत भरून काढता येईल."

सगुणा बापाच्या धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरून उभी होती. गुरुजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. एकही अक्षर विचारलं नाही.

"ही सोगा कधी सोडते?" त्यांनी बापालाच विचारलं.

व्यापारी ओशाळला. "झोप लागल्यावर. तिची आई बाळंतपणाला माहेरी गेलीय, तेव्हापासून हे असं आहे. बैलगाडी पहाटेच निघायची होती. ही जागी झाली असती तर आकांत मांडला असता, म्हणून आम्ही तिला झोपेतच ठेवलं."

"आणि तू पेढीवर कसा जातोस?"

"शेजारच्या काकू तिला परसात मांजराची पिल्लं दाखवायला नेतात. तेवढ्यात मी पुढच्या दारानं सटकतो. रडणं तरी टळतं."

"टळतं?"

"म्हणजे," व्यापारी घुटमळला, "मला ऐकू येत नाही."

गुरुजी किंचित हसले. "धूळपाटी माळ्यावर ठेवून दे. मी काही दिवस इथेच राहतो."

शिष्याला वाटलं, आता गुरुजी स्वतः मुलीला शिकवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उत्सुकतेनं ओसरीवर येऊन बसला. गुरुजींनी मुलीला काहीच सांगितलं नाही, ते त्यालाच म्हणाले, "विहिरीपाशी जास्वंद आहे. तिचं एक फूल घेऊन ये. पण आधी हिला सांग, कुठे जातोस आणि काय आणणार. मग तिच्या डोळ्यांदेखत जा."

त्यानं सांगितलं आणि सोगा सोडवून घेतला. सगुणानं असा टाहो फोडला की त्याचा पाय उचलेना. तो मागे वळणार, तोच गुरुजींचा आवाज आला, "फुलाशिवाय येऊ नकोस." तो धावत गेला, धावतच आला आणि तिच्या हातात फूल ठेवलं. तिनं ते भिरकावून दिलं.

"उत्तम," गुरुजी म्हणाले. "आता आणखी एक आण."

असे दिवस जाऊ लागले. विहिरीवरून गल्लीच्या टोकाचा पार, पारावरून तळं, तळ्यावरून पेठ, असं अंतर वाढत गेलं. कधी वडाचं पान, कधी कमळाचा देठ, कधी नुसता एक गुळगुळीत गोटा. व्यापारी मनाशी नवल करी. एके काळी धातुरूपं चुकली की रात्रभर घोकायला लावणारे हे गुरुजी. आणि आज बापाला पानंफुलं गोळा करायला धाडतात! बहुधा मुलीला सृष्टीची ओळख करून द्यायची असेल, असा तर्क करून त्यानं एकदा पानाच्या शिरा, देठ, टोक असं सगळं तिला समजावून सांगितलं.

"ते कशाला?" गुरुजींनी विचारलं.

"अभ्यास म्हणून."

"तिचा अभ्यास मघाशीच झाला. तू दारातून आत आलास ना, तेव्हा."

त्याला काही उमगलं नाही. एक मात्र त्याच्या लक्षात आलं. सगुणा अजून रडे, पण आता रडता रडता विचारी, "कुठे जाणार? काय आणणार?" आणि उत्तर मिळालं की तिचं रडणं जरा ओसरे. पुढेपुढे ती आधी विचारी, मग रडे. मग एके दिवशी रडायचं विसरलीच.

त्यानंतर एकदा, तो पेठेत निघाला असता ती आपणहून म्हणाली, "आप्पा, कवठ आणा."

"आणतो. दिवेलागणीच्या आत," तो म्हणाला.

पेठेत त्या दिवशी कवठ कुठेच नव्हतं. वानरांनी सगळ्या झाडांची नासधूस केली, असं माळीण सांगत होती. व्यापाऱ्यानं थोडा विचार केला आणि कवठाऐवजी रंगवलेला लाकडी राघू घेतला. मान हलवणारा, चोच उघडणारा. लेक काय खूश होईल, असं मनाशी म्हणत तो दुपारीच परतला. गुरुजी पारावर बसले होते. त्यांनी त्याला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं.

"काय आणायचं ठरलं होतं?"

"कवठ. पण मिळालं नाही, गुरुजी. हा राघू बघा, किती..."

"कुठेच मिळण्यासारखं नाही?"

"नदीपलीकडच्या वाडीत असेल म्हणतात. पण तिथं जाऊन यायचं म्हणजे..."

"मग नीघ. अजून दिवस आहे."

"एका कवठासाठी?" शिष्याचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत तो प्रथमच गुरूंशी असा बोलला होता.

गुरुजींनी शांतपणे राघू त्याच्या हातातून काढून आपल्या झोळीत टाकला. "तू आला होतास आणि कवठासाठी पुन्हा गेलास, हे मी तिला सांगतो. तिच्यापासून काही लपवायचं नाही."

व्यापारी चरफडत निघाला. नावाडी जेवायला गेला होता, त्याची वाट पाहावी लागली. वाडीत एका म्हातारीच्या कुंपणात झाड होतं. "पडलेलं असेल तर घे बाबा, चढायला कुणी नाही," ती म्हणाली. गवतात चाचपडत त्यानं एक धड कवठ शोधलं. परतताना सूर्य नदीत उतरू लागला, तसा त्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याची जागा भीतीनं घेतली. 'दिवेलागणीच्या आत' म्हणालो होतो. पेठेतला हा प्रतिष्ठित व्यापारी, धोतर सावरत, कवठ छातीशी धरून, भर रस्त्यानं पळत सुटला.

काकू देवापुढे वात लावत होत्या, तेव्हा तो उंबऱ्यात पोहोचला. सगुणा ओसरीवर गुरुजींजवळ चिंचोके मांडून बसली होती. तिनं मान वर केली.

"कवठ?"

त्यानं ते तिच्या ओंजळीत ठेवलं. तिनं वास घेतला, पायरीवर आपटून पाहिलं. ते फुटेना म्हणून खदखदून हसली. मग एकाएकी थांबून म्हणाली, "आप्पा, आई पण येईल?"

एरवी तो 'उद्या येईल हं' म्हणून वेळ मारून नेत असे. आज ते शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडेनात. तो तिच्याजवळ खाली बसला.

"आई आजोळी आहे. आपल्याकडे बाळ येणार आहे. ते झालं, जरा मोठं झालं, की आई त्याला घेऊन येईल. उद्या नाही, परवा नाही. पण येईल."

सगुणानं थोडा विचार केला. "मला न सांगता गेली."

"हो. चुकलं आमचं."

तिनं मान डोलावली आणि पुन्हा कवठ आपटू लागली. व्यापाऱ्याचे डोळे भरून आले. तो गुरुजींकडे वळला. "हा काय अभ्यास होता, गुरुजी? आता तरी सांगा."

"तू माझ्याकडे व्याकरण शिकलास," गुरुजी म्हणाले. "मग सांग, घराबाहेर पडताना आपण काय म्हणतो?"

"'येतो' म्हणतो."

"पाय तर चालले बाहेर, आणि तोंडानं म्हणायचं 'येतो'. चूकच की ही!"

"'जातो' म्हणणं अशुभ मानतात, म्हणून..."

"अरे, जाणारा माणूस दिसतोच. ते कशाला सांगायचं? जे दिसत नाही ते सांगावं लागतं. मागे राहणाऱ्याच्या हाती काहीतरी ठेवून जावं, म्हणून आपल्या लोकांनी हा शब्द असा वापरला. तू पुढच्या दारानं सटकत होतास, तेव्हा पोरीचं रडणं काही वाचलं नाही. तिच्या हातचा शब्द तेवढा गेला. अक्षरं तिला बालवर्गात मिळतील, पंतोजी त्यासाठीच आहेत. पण गेलेलं माणूस परत येतं, हे कुठलाही पंतोजी शिकवू शकत नाही. ती शिदोरी घरूनच न्यावी लागते. तू तिला जायला शिकवत होतास. मी तुला यायला शिकवत होतो."

"आणि राघू?"

"राघू सुंदर आहे. उद्या दे तिला. पण आज तू राघू आणतो म्हणाला नव्हतास. या वयात वस्तूचं मोल कळत नाही. शब्दाचं मात्र नेमकं कळतं."

पाडवा उजाडला. आई अजून आजोळीच होती; मुलगा झाल्याचा निरोप आला होता आणि तो घरात सर्वांत आधी सगुणाला सांगितला गेला होता. बालवर्ग देवळाच्या ओवरीत भरे. तिथं पोरांची रडारड चालली होती. ती पाहून सगुणाचाही ओठ थरथरला.

"कधी येणार?"

"पंतोजी सुटीची घंटा वाजवतील, त्याच्या आधी मी या पायरीवर असेन."

"काय आणणार?"

"काही नाही गं. मीच येईन."

तिनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. तेवढं पुरेसं आहे असं तिला वाटलं असावं. डोळे पुसत ती आत गेली.

त्या दिवशी पेढीवर परगावचं मोठं गिऱ्हाईक आलं होतं. सौदा ऐन रंगात असताना व्यापारी उठला, पाहुण्यांना सरबत द्यायला सांगितलं आणि देवळाची वाट धरली. घंटा व्हायला अजून अवकाश होता. ओवरीतल्या बऱ्याच मुलांचे डोळे दाराकडे लागले होते. कुणी हुंदके देत होतं, कुणी दर चाहुलीला मान उंचावत होतं. एकटी सगुणा दाराकडे पाठ करून बसली होती. शेजारच्या मुलीबरोबर मातीत ती कसला तरी डोंगर रचत होती. बाप आला, हे तिच्या गावीही नव्हतं.

क्षणभर त्याच्या मनाला लागलं. मग त्याला कळलं. ज्याच्या येण्याविषयी शंका नसते, त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

त्यानं हाक मारली नाही. घंटा होईपर्यंत तो पायरीवर स्वस्थ बसून राहिला.