फुटलेला दिवा आणि राजाचं स्टूल

दिवा फुटला तेव्हा स्टुलावर मीच उभा होतो! मी म्हणजे अडीच गावांचा राजा. तिसरं गाव अर्धं शेजारच्या राजाकडे आहे, पण मिशीला पीळ मी पूर्ण तीन गावांचा देतो.

राणीसाहेबांनी महालभर वीज वाचवणारे, वेटोळ्या नळीचे दिवे लावले होते. शयनगृहातला एक लुकलुकायला लागला.

"वायरमनला बोलवा," त्या म्हणाल्या.

पण तलवार उपसणाऱ्या घराण्यातला राजा दिव्यासाठी माणूस बोलावणार? खोक्यावर सूचना छापल्या होत्या म्हणे. राजे सूचना देतात, वाचत नाहीत! बटण तेवढं बंद केलं, हा माझा त्या दिवशीचा एकमेव शहाणपणा. मग प्लास्टिकचं बूड धरायचं सोडून मी थेट काचेची नळीच धरली आणि पिळली. फट्!

मी चार ढांगांत दरबारात पोचलो आणि ओरडलो, "हौसा! दिवा फोडलास!"

हौसा म्हणजे वीस वर्षं महाल पुसणारी बाई. ती तेव्हा व्हरांड्यात फडकं पिळत होती.

राणीसाहेब धावत आल्या. "अहो, त्या दिव्यात पारा असतो! आणि बाळराजे त्याच खोलीत रांगतात!"

सगळा दरबार माझ्याकडे बघू लागला. खरं सांगायची हीच वेळ होती. ती मी घालवली.

"हौसा, सांडलेला पारा दुपारच्या आत, कण न् कण, आमच्यापुढे हजर कर! नाहीतर महाल सोडून जा!"

हौसाचे डोळे भरले. "वीस वर्सांत माझ्या हातनं एक कपबशी फुटली न्हाई, म्हाराज."

मला लाज वाटली. पण दिलेला हुकूम मागे घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. हौसानं पदर खोचला, मी फेकलेलं खोकं उचललं आणि त्यावरचं शेवटपर्यंत वाचलं.

"आणते. पन तवर समद्यांनी माझं ऐकायचं."

"झाडू आणा रे!" मी गरजलो.

"झाडू न्हाई! भुकटी घरभर उडंल."

"मग पंखा लावा!"

"पंखा बंद! खिडक्या उघडा, दार लावा, बाळराजांना घिऊन समदे भाईर!"

माझ्याच महालात माझा एकही हुकूम चालेना.

पंधरा-वीस मिनिटांनी ती हातमोजे चढवून आत गेली. पुठ्ठ्यानं काचा गोळा केल्या, चिकटपट्टीनं भुकटी टिपली, ओल्या कागदानं फरशी पुसली आणि सगळं, अगदी हातमोज्यांसकट, लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. बरणी दरबारात आली.

मी मिशी पिळली. "एवढंच? पारा तर दिसतही नाही! बाकीचा कुठाय?"

"थोडा वाफ हून खिडकीतनं गेला. त्यो पायजे आसंल तर म्हाराजांनी वाऱ्याला हुकूम द्यावा!"

"आणि उरलेला?"

"उरलेला म्हाराजांच्या डोईवर हाय!"

तिनं चक्क बोट दाखवलं! आमच्याकडे राजाच्या पगडीकडे बोट दाखवायलाही मनाई आहे.

"दिवा फुटला की भुकटी खालच्या मानसावर पडती," हौसा म्हणाली. "माझ्या पदरावर एक कण न्हाई. तुमच्या पगडीच्या घडीत मातुर काच चमकतीया! खोक्यावर लिवलंय, भुकटी पडलेलं कापड परत वापरायचं न्हाई. कण न् कण पायजे ना? मग पगडी द्या, म्हाराज!"

आणि तिनं दुसरी, रिकामी बरणी पुढे केली. बाई तयारीनं आली होती! राणीसाहेबांनी बाळराजांना माझ्यापासून चार पावलं लांब नेलं.

मी पगडी उतरवली. अडीच गावांनी माझं टक्कल पहिल्यांदा पाहिलं. फुटलेल्या दिव्याच्या जागी आता हेच लावावं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला आधी घाम फुटला, मग हसू फुटलं.

"दिवा मीच फोडला!" मी म्हणालो. "हौसा, चुकलो. आजपासून महालातले सगळे दिवे तुझ्या हुकमात. आणखी काय हवं ते माग!"

"ते स्टूल द्या, म्हाराज."

"स्टूल? ते कशाला?"

"महालात आजून अकरा दिवे हायेत, म्हाराज!"

मी पोट धरून हसलो आणि स्टूल खांद्यावर घेऊन स्वतः तिच्या घरी पोचवलं. बोडक्या डोक्यानं!