मेहेरूच्या पुलाच्या तुळया

“बाबा, तिला असं काय शिकवलंत, जे मला शिकवलं नाहीत?”

इद्रीसबाबा चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. “कुणाला?”

“मेहेरूला. आणखी कुणाला!”

हशमत आणि मेहेरू, दोघंही या फकिराच्या पायाशी वाढलेले. आपसातलं युद्ध संपलं तेव्हा हशमत देशाच्या पुनर्बांधणीचा मंत्री झाला आणि मेहेरू उत्तरेच्या खोऱ्याचा कारभार बघू लागली. हशमतनं राजधानीलगत नवी वसाहत उभारली. पक्की घरं, रुंद रस्ते, दवाखाना... पण तिथं राहायला कुणी येईना. निर्वासितांच्या छावणीतून सुटलेली माणसं थेट उत्तरेची वाट धरत. तिथं डोक्यावर धड छप्परही नव्हतं.

“घरं मी बांधायची आणि लोकांनी तिच्याकडं जायचं,” हशमत म्हणाला. “परदेशी पाहुणे येतात, तेही तिचंच नाव घेतात. आणि तुम्हीसुद्धा...”

“मीसुद्धा काय?”

“तीच तुमची लाडकी.”

“हो,” बाबा म्हणाले.

बाबा नाही म्हणतील, एवढ्या आशेवर हशमत इथवर आला होता.

“तिच्या नदीवरचा पूल कुठवर आला?” बाबांनी विचारलं.

“खांब झालेत. वरच्या तुळया नाहीत.”

“मग लोक?”

“तराफ्यावरून. परवा एक उलटला.”

“कुणी गेलं?”

“...एक बाळंतीण.”

“तुळया कुठं आहेत?”

“माझ्या गोदामात.”

बाबा उठले. युद्धाच्या दिवसांत नाक्यावरचे शिपाई घेत, तशी ते त्याची झडती घेऊ लागले. बगला चाचपल्या. कंबर चाचपली.

“हे काय, बाबा? हत्यारं तर आम्ही केव्हाच खाली ठेवली!”

बाबांचा हात कोटाच्या खिशावर थांबला. आतलं पेन काढून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवलं.

त्याच्या एका सहीवाचून तुळया अडल्या होत्या.

हशमतनं गुडघ्यावर कागद धरला, हुकूम लिहिला आणि बाहेर जाऊन ड्रायव्हरच्या हाती दिला. “आत्ताच्या आत्ता गोदामावर जा.”

गाडी गेली. तो आत येऊन बसला. डोळे पुसले.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “तुळया मी पाठवल्या, हे तिला सांगाल ना?”

बाबांनी निवलेला चहा त्याच्यापुढं सरकवला.

“पी आणि ऊठ. दुसरा खिसा बघायचा राहिला.”