रिकामा बसलेला सुतारपक्षी

त्या मुलखात राजा नव्हता. नियम होते, पण ते कोणाच्या पेटीत बंद नव्हते. नदीकाठच्या उघड्या कातळावर कोरलेले होते. ज्याला हवे त्याने वाचावेत, चूक दिसली तर दुरुस्त करावी. मुलखाला याचा अभिमान होता. अडचण एवढीच होती की काही बिघडले तर दोष द्यायला कोणी सापडत नसे, आणि मग जो तो स्वतःलाच दोष देत बसे.

तिथे नकला काढण्याचे काम एक सुतारपक्षी करी. तो डोंगरापलीकडून आला होता. तिकडे सगळेच कुलपात असे, भाषासुद्धा. लिहिलेले पान समोर ठेवले की तो चोचीने सालीवर त्याच्या हव्या तेवढ्या नकला ठोकून देई. पण सांगायचे ते त्याच्याच बोलीत सांगावे लागे. इथल्या राघूंनी वर्षानुवर्षे त्याच्या फांदीखाली बसून, कोणी न सांगता, ती बोली कानाने टिपली होती. क्वचित एखादा शब्द चुके आणि सालीवर नुसत्या आडव्या रेघा उमटत. तरी काम चाले. पाने पोचवायला मुंग्या होत्या. गवतातून त्यांची एक वाट थेट झाडापर्यंत जाई.

त्या वर्षी खालच्या एकवीस खोऱ्यांत ताप पसरला. मुलखाचा वैद्य एक म्हातारा साळिंदर होता. कातळावरचे सगळे नियम त्याला तोंडपाठ होते आणि स्वतःच्या एकाही मतावर त्याचा पुरता विश्वास नव्हता. तिसऱ्या खोऱ्यात त्याची मुलगी राहत होती आणि तीही अंथरुणाला खिळली होती. बऱ्याच खटपटीनंतर त्याला त्या तापावर एक कंद सापडला. पहाटे त्याने स्वतःचाच एक काटा उपटून सहा ओळींत कृती लिहिली. एकवीस करकोचे दुपारी, वारा फिरताच, खोऱ्यांकडे निघणार होते. त्यानंतर महिनाभर तिकडे जाणारे कोणी नव्हते. एकवीस नकला हव्या होत्या.

वैद्याने पान वाटेच्या तोंडाशी मुंग्यांच्या स्वाधीन केले आणि कान देऊन बसला. ठोक ऐकू आली नाही.

आपलेच काही चुकले असणार, असे त्याला वाटले. कृती फार त्रोटक झाली असेल. त्याने ती पुन्हा लिहिली, दहा ओळींत, आणि पाठवली. सामसूम. मग अक्षर किरटे वाटले म्हणून मोठे काढले. चौथ्या खेपेला कंद कोवळा असल्यास काय, जून असल्यास काय, याचा खुलासा जोडला. पाचव्या पानावर तर मूळ कृती शोधावी लागत होती.

ऊन चढले तसा तो एका राघूला घेऊन स्वतःच झाडाकडे निघाला. सुतारपक्षी फांदीवर पंख साफ करत होता. दोघांना पाहून तो काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" वैद्याने विचारले. "माझं पान त्याला कळलं नाही ना?"

"म्हणतो, चार दिवस रिकामा बसलोय," राघू म्हणाला. "विचारतो, तुमच्या मुलखात लिहिणारे संपले की काय?"

मग दोघे मुंग्यांच्या वाटेने उलटे चालत गेले. मधोमध, उंच गवतात, वाटेवर एक वाळकी काडी आडवी पडली होती. तिच्या पलीकडे मुंग्या वैद्याची पाचही पाने डोक्यावर घेऊन, एकामागे एक, शिस्तीत उभ्या होत्या. शेजारी खार शेंगा फोडत होती.

"खारूताई, ही काडी कोणी ठेवली?" वैद्याने विचारले.

"मीच. त्याच्या चोचीत साल अडकली होती तेव्हा. तसा नियम आहे, बुवा."

"पण चोच तर त्याच दिवशी मोकळी झाली!" राघू म्हणाला.

"झाली असेल. ठेवायचं काम माझं होतं. उचलायचं वरचं कोणीतरी बघेल."

"वरचं कोण गं?" राघूने विचारले.

खारीने वर पाहिले. वैद्यानेही पाहिले. वर आभाळ होते.

"चार दिवसांत कोणी आलंच नाही?" वैद्याने विचारले.

"आले की. आपलं अक्षरच वाईट म्हणून पानं परत घेऊन गेले. तुमच्याइतकी चिकाटी नाही कोणाची."

राघू हसत म्हणाला, "वैद्यबुवा, तुम्हाला सगळे नियम पाठ ना? म्हणा बघू हा."

वैद्य डोळे मिटून म्हणू लागला. "चोच अडकल्यास काडी ठेवावी. चोच मोकळी झाल्यावर, ज्याचे काम अडले असेल त्याने ती उचलावी." तो थांबला. हे वाक्य त्याने शेकडो वेळा म्हटले होते, दुसऱ्यांना शिकवलेही होते. 'ज्याचे' म्हणजे कोणीतरी जाणता, कोणीतरी नेमलेला, असेच तो समजत आला होता.

त्याने काडी उचलली. तिला वजन असे नव्हतेच.

मुंग्या चालू लागल्या. राघू पुढे उडाला आणि सुतारपक्ष्याला एकवीसचा आकडा सांगून आला. थोड्याच वेळात झाडावरून ठोक ऐकू आली, आणि वैद्य नव्याने घाबरला. "अरे, पहिलं पान आधी पोचलं! ते थांबव, त्याला पाचवं दे."

"आधी आलेलं आधी, बुवा. शिवाय वारा फिरलाय, ते बघा करकोचे." राघूने मुंग्यांनी आणलेली ताजी नक्कल त्याच्यापुढे धरली. "यात चूक काय आहे तेवढी दाखवा, मी थांबवतो."

वैद्याने सहा ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. कंद, साल, पाणी, किती, केव्हा, किती दिवस. करकोच्यांचा नायक अधीर होऊन पंख झटकत होता.

"चूक नाही," वैद्य हळूच म्हणाला, आणि आपण हे म्हणालो याचे त्यालाच आश्चर्य वाटले.

"आणि हलकी आहे," नायक म्हणाला. "तिसऱ्या खोऱ्याची मी नेतो."

सालीवरच्या एकवीस नकला चोचींत धरून करकोचे उडाले आणि डोंगराच्या खांद्यावरून खाली उतरत दिसेनासे झाले. वैद्याने कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

झाडावर ठोक चालूच होती. दुसरे पान, तिसरे, चौथे, प्रत्येकी एकवीस. मुंग्या साली आणून आदराने वैद्याच्या पायाशी रचत होत्या. सुतारपक्ष्याला थांबवावे असे कोणाच्या मनात आले नाही, चार दिवसांनी त्याला काम मिळाले होते. शेवटच्या नकलांवर कृतीखाली लिहिले होते, 'तरीही एखाद्या जाणत्याला विचारून घ्यावे.' तोवर वैद्य त्या ढिगाला टेकून, तोंड उघडे टाकून, गाढ झोपला होता.