बिरू गाडी थांबवत नाही

हिंगणवाडीत बिरू नावाचा एक ड्रायव्हर राहायचा. माणूस भोळा. सांगितलं तेवढंच करायचा, पण जे सांगितलं ते पुरं करायचा.

तेलाच्या गिरणीच्या मालकीणबाई होत्या, त्यांची गाडी तो चालवायचा. लांबलचक, काळी, परदेशी गाडी. आत चामड्याच्या बैठका, पुढं लाकडी फळी, फळीत बसवलेलं घड्याळ. एकदा बाई मागं बसल्या, "सरळ चल" म्हणाल्या, आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दुकानांवरच्या पाट्या कानडीत होत्या.

"बिरू, कुठं आलो रे?"

"सरळ आलो, बाई."

बाई रागावल्या नाहीत. हसल्या, आणि गाडी वळव म्हणाल्या. पुढं बाई थकल्या. गिरणी विकून लेकाकडं राहायला गेल्या, आणि जाताना गाडी बिरूला देऊन गेल्या. तोवर गाडीही थकली होती. बिरूनं ती घरामागच्या छपरात लावली. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

बिरूची एकुलती एक मुलगी सुगंधा. लहानपणी ती गाडीत बसून भातुकली खेळायची. एक दिवस खेळता खेळता म्हणाली, "आबा, मी सासरी जाईन तर या गाडीतनंच."

"बरं," बिरू म्हणाला.

सुगंधा मोठी झाली. तिचं लग्न ठरलं. नवरा मुलगा नदीपलीकडच्या कोळेगावचा, नाव प्रल्हाद, दूध डेअरीत कामाला. बिरूची बायको शेवंता म्हणाली, "पाठवणीला भाड्याची जीप सांगून ठेवा."

"नको. मी बरं म्हटलंय."

"कधी?"

"सुगंधा भातुकली खेळत होती तेव्हा."

शेवंता भाकऱ्या थापायला आत गेली. तिचा संसार या माणसाबरोबर झाला होता.

तालुक्याच्या गावाहून रसूल मिस्त्री गाडी बघायला आला. त्यानं आधी कोंबड्या बाहेर काढल्या, मग गाडीभोवती फिरला.

"गाडी चालेल," तो म्हणाला. "पण हिचे नवे भाग घ्यायचे तर तुला घर विकावं लागेल. जुनंच धुऊन-पुसून, ठोकून-ठाकून बसवू. मी सांगेन तो भाग काढायचा आणि माझ्याकडं आणायचा. सांगेन तसा."

"सांगाल तसा," बिरू म्हणाला.

मिस्त्रीला तेव्हा बिरूची नीट ओळख नव्हती.

पहिल्यांदा मिस्त्रीनं कार्बोरेटर मागवला. इंजिनाला पेट्रोल पाजतो तो भाग. बिरूनं तो काढला, पिशवीत टाकला, आणि त्याच्यावर भाकरी आणि लसणाची चटणी ठेवून निघाला. मिस्त्रीनं पिशवी उघडली. कार्बोरेटरच्या सगळ्या भोकांत चटणी बसली होती.

"अरे बिरू, असं आणतात काय?"

"मग कसं आणतात?"

"रॉकेलमध्ये बुडवायचं. रात्रभर भिजू द्यायचं. निथळलं की आणायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच आणतो."

पुढच्या वेळी मिस्त्रीनं मागची बैठक मागवली. उसवली होती, ती शिवायची होती. बिरूनं आळीतून घरोघरचं रॉकेल मागून आणलं, पिंपात ओतलं, आणि बैठक त्यात बुडवली. रात्रभर भिजू दिली. सकाळी आळीत कुणाचा स्टोव्ह पेटला नाही. कंडक्टरनं बिरूला एसटीत चढू दिलं नाही, म्हणून तो बैठक डोक्यावर घेऊन चालत निघाला. वाटेत बिडी ओढणारी माणसं त्याला बघून शेतात शिरत होती.

मिस्त्रीनं आधी आपली बिडी विझवली. मग म्हणाला, "अरे बिरू, बैठक अशी आणतात काय?"

"मग कशी आणतात?"

"उन्हात टाकायची. काठीनं चांगली बडवायची. आतली धूळ बाहेर काढायची. मग आणायची."

"बरं. पुढच्या वेळी तसंच आणतो."

पुढच्या वेळी मिस्त्रीनं पुढचा दिवा मागवला. बिरूनं दिवा काढला, अंगणात उन्हात ठेवला आणि काठी घेतली. आवाज ऐकून शेवंता बाहेर आली.

"अहो, काय करताय?"

"धूळ काढतोय."

"निघाली?"

"धूळ नव्हतीच. आतनं स्वच्छ होता दिवा."

दिवा त्यानं रुमालात बांधून नेला. मिस्त्रीनं गाठ सोडली आणि काचांकडं बघत बसला.

"अरे बिरू, काच ती. असं करतात काय?"

"मग कसं करतात?"

"नाजूक वस्तू दुपट्यात गुंडाळायची. छातीशी धरायची, तान्ह्या लेकराला धरावं तशी. कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"बरं. पुढच्या वेळी तसंच आणतो."

पुढच्या वेळी मिस्त्रीनं बॅटरी मागवली. बिरूनं सुगंधाचं लहानपणीचं दुपटं शोधून काढलं. बॅटरी त्यात गुंडाळली, छातीशी धरली आणि एसटीत चढला. गर्दी होती. एका बाईनं त्याला बघून आपली जागा दिली.

"बसा, दादा. लेकरू घेऊन किती वेळ उभं राहाल? किती महिन्यांचं आहे?"

"बारा व्होल्टचं."

बाईला वाटलं, याच्या गावाकडचं काहीतरी माप असेल. "दूध पितं का नीट?"

"दूध नाही. पाणी लागतं. अधनंमधनं."

"बघू तरी तोंड."

"हात लावू द्यायचा नाही," बिरू म्हणाला, आणि दुपटं घट्ट धरलं.

घट्ट धरल्यानं बॅटरी आडवी झाली. आतलं तेजाबाचं पाणी सांडलं. गॅरेज येईपर्यंत दुपट्याला, सदऱ्याला आणि बनियनला आरपार भोकं पडली होती. मिस्त्रीनं धावत जाऊन बादली आणली आणि बिरूच्या छातीवर पाणी ओतत राहिला.

"आग होते का रे?"

"होते. पण हात लावू दिला नाही कुणाला."

मिस्त्रीनं आणखी एक बादली ओतली. मग हळू आवाजात म्हणाला, "बिरू, आता काही काढू नकोस. काही आणू नकोस. बैल जुंप आणि सगळी गाडीच घेऊन ये."

बिरूनं गाडीला बैल जुंपले आणि तिला गॅरेजमध्ये ओढून नेली.

मिस्त्रीनं मनापासून काम केलं. गंजलेला पत्रा कापून तिथं तेलाच्या डब्याचा पत्रा बसवला. बैठक शिवली. रॉकेलचा वास मात्र काही जाईना. फुटलेल्या दिव्याला जोड मिळाली नाही, तिथं भोकच राहिलं. रंगासाठी हेडमास्तरांनी शाळेच्या फळ्यांचा उरलेला काळा रंग दिला. गाडी छान काळी झाली. फक्त तिच्यावर खडूनं लिहिता यायचं. गॅरेजशेजारच्या पोरांनी दारांवर पाढे लिहून टाकले.

मग मिस्त्रीनं बिरूला समोर बसवलं. आता त्याला बिरूची पुरती ओळख झाली होती. म्हणून तो सावकाश, एकेक शब्द तोलून बोलला.

"हे बघ. बॅटरी जुनीच आहे. चार माणसांनी ढकलल्याशिवाय गाडी चालू होणार नाही. आणि उभी राहिली की बंद पडणार. म्हणून एकदा चालू झाली की वाटेत थांबायचं नाही. कुणी हात केला, कुणी हाक मारली, तरी नाही. थेट घरी जायचं आणि दारात थांबायचं."

"दारात," बिरू म्हणाला.

"तुझ्या दारात," मिस्त्री म्हणाला. नाहीतर बिरू उगाच दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊन थांबायचा.

बिरू निघाला. वाटेत बाजारातनं येणारी शेवंता डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. तिनं हात केला. बिरूनंही हात केला आणि पुढं गेला. थेट आपल्या दारात थांबला. गाडीला ओरखडाही नव्हता. मिस्त्रीचं सांगणं पहिल्यांदाच बरोबर लागू पडलं होतं. ते बिरूच्या मनात पक्कं बसलं.

लग्न झालं. पाठवणीची वेळ आली. फुटक्या दिव्याच्या भोकात शेवंतानं झेंडूचा गेंद बसवला होता. दारांवरचे पाढे पुसून पोरींनी खडूनं वधूवरांची नावं लिहिली होती. सुगंधा आईच्या गळ्यात पडून रडत होती. बिरूचेही डोळे भरले, म्हणून तो लवकर गाडीत जाऊन बसला आणि म्हणाला, "ढकला."

प्रल्हाद, त्याचे दोन भाऊ आणि एक चुलता यांनी ढकललं. गाडी घुर्रर्र करून चालू झाली आणि निघाली.

"मामा, थांबा," प्रल्हाद ओरडला. "नवरी राहिली."

"थांबायचं नाही," बिरू म्हणाला. "चालत्या गाडीत बसवा."

मग पाठवणी पळत पळत झाली. शेवंतानं लेकीची ओटी पळत भरली. निम्मे तांदूळ पदरात पडले, निम्मे रस्त्यावर. प्रल्हादनं दार उघडून नवरीला आत ढकललं आणि मागोमाग स्वतः उडी मारली. शेवंताचं रडणं निम्मंच झालं होतं. उरलेलं ती मांडवात बसून रडू लागली.

गाडी नदीचा पूल ओलांडून गेली.

"मामा, जरा उग्र वास येतोय."

"बैठकीचा. रात्रभर भिजवली होती, जावईबापू."

कोळेगाव आलं. दारात प्रल्हादची आई ओवाळायला ताट आणि भाकरतुकडा घेऊन उभी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. गाडी दारासमोर आली आणि पुढं गेली.

"मामा, आमचं घर मागं राहिलं."

"बघितलं. चांगलं आहे. पडवी मोठी आहे."

"अहो, थांबा ना."

"थांबायचं नाही."

बिरूनं देवळाला वळसा घातला आणि गाडी पुन्हा दारावरून नेली. सासूबाई ताट घेऊन गाडीबरोबर पळू लागल्या. एकदा ओवाळलं, तोवर निरांजन विझलं. भाकरतुकडा उतरून टाकला, तो बिरूच्या मांडीवर पडला.

प्रल्हाद म्हणाला, "मामा, तुम्ही असेच फिरत राहा. मी चार माणसं घेऊन येतो. मग थांबलात तरी परत ढकलता येईल."

त्यानं उडी मारली आणि गावात पळाला. नेसलेल्या शालूमुळं सुगंधाला उडी मारता येईना. बिरूनं आणखी एक वळसा घातला. पेट्रोलचा काटा खाली चालला होता. त्यानं गाडी नदीच्या रस्त्याला लावली.

"आबा, कुठं चाललो?"

"घरी."

"अहो, माझं घर मागं राहिलं ना आता?"

"ते तुझं. मिस्त्रीनं माझ्या दारात थांबायला सांगितलंय."

सुगंधानं मागं वळून बघितलं. कोळेगाव दिसेनासं झालं होतं. ती पुढं सरकली, लहानपणी बसायची तशी बापाच्या खांद्यामागं हनुवटी टेकून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आबा, मग हळू चालवा."

बिरूनं हळू चालवली. त्याला सांगितलं होतं.

घरी मांडव निम्मा सुटला होता. शेवंता उंबऱ्यावर बसून राहिलेलं रडत होती. गाडी बरोबर दारात थांबली आणि बंद पडली. बिरू उतरला. मालकीणबाईंसाठी उघडायचा तसं त्यानं अदबीनं मागचं दार उघडलं. आतून नवरी उतरली.

शेवंतानं डोळे पुसले. परत पुसले. "अहो, ही तर आपली सुगंधा."

"तीच."

"सासरी नेली नाहीत?"

"नेली की. दोनदा-तीनदा नेली."

शेवंता बोलायला उठली होती. पण तिनं लेकीकडं बघितलं, लेकीनं तिच्याकडं बघितलं, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत चहा टाकायला आत गेल्या.

दिवेलागणीला प्रल्हाद चार माणसं घेऊन ट्रॅक्टरवरनं आला. घामेघूम, डोक्याच्या मुंडावळ्या पाठीवर गेलेल्या.

बिरूला फार आनंद झाला. लगबगीनं तो गाडीत जाऊन बसला आणि खिडकीतनं म्हणाला, "बरं झालं आलात, जावईबापू. ढकला."